खळ दिलेलं जॅकेट

आमच्या प्रयोगशाळेत पाऊस वर्षभर पडतो. वरच्या जाळीतून एकसारखे थेंब खाली येतात. त्यांचा जोर मी बटण फिरवून वाढवते, कमी करते आणि वाटीवर ताणून बसवलेल्या कापडाच्या तुकड्याकडे बघत उभी राहते. या पावसाला वास नाही, वारा नाही, त्यामुळे त्याची भीतीही वाटत नाही. बाहेर पुण्यात श्रावणाची सर येऊन जाते, ऊन पडतं, पुन्हा सर येते, आणि आत आम्हाला काहीच कळत नाही. आमचं दार फार घट्ट बसतं.

परवा त्या पावसापाशी उभी असतानाच आईचा फोन आला.

"अगं, दत्त्याचं नवं जाकीट घावलं मला. पेटीच्या मागं दडवून ठिवलं व्हतं येड्यानं. चिंचोके भाजल्यात, भिजत घातल्यात. खळ लावून टाकते."

मशीनचा आवाज एकाएकी फार मोठा वाटायला लागला. मी म्हटलं, "आई, थांब. मी शनिवारी येते. तोवर त्याला हात लावू नको."

"तू यिऊन काय करणार? तुला कुठं खळ शिजवाय येती?" ती हसली आणि फोन ठेवला. 

वाटीवरच्या कापडाच्या खालून पाणी केव्हाच झिरपायला लागलं होतं. तपासणी पुन्हा करावी लागली.

आमचं घर डिंगोऱ्यात. मूळचे आम्ही मेंढरंवाले. आता थोडी शेती आहे, पण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं सोडलेली नाहीत. पावसाळा लागला की ते कळप घेऊन पूर्वेला, कोरड्या मुलखात जातात. पश्चिमेच्या पावसात मेंढरांचे खूर कुजतात. त्यामुळे श्रावणात आमच्या घरात पुरुष म्हणून माझा धाकटा भाऊ दत्ता एकटाच असतो, आणि त्याचा पाय घरात ठरत नाही. मढ ओलांडून पुढे गेलं की डोंगर भिंतीसारखे उभे राहतात. शहरातून येणाऱ्या ट्रेकिंगवाल्यांना खिरेश्वरहून तोलारखिंडीतून वर गडावर न्यायचं, सांभाळून खाली आणायचं, हे त्याचं काम. पावसाळा म्हणजे त्याची सुगी.

आईचं माहेर घोंगड्या विणणाऱ्यांचं. तिच्या लहानपणात चिंचोक्याचा वास भरून राहिला आहे असं तिचं बोलणं ऐकून वाटतं. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवायचे, वाटायचे आणि शिजवून त्यांची खळ करायची. तपकिरी, चिकट, जरा आंबूस वासाची. लोकरीच्या सुताला ही खळ कुंच्यानं देतात. सूत ताठ होतं, घोंगडी घट्ट विणली जाते, आणि अशा नव्या घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली की पाऊस बराच वेळ वरच्यावर घरंगळतो. जुन्या घोंगडीनं पाणी प्यायला सुरुवात केली की आमच्याकडे म्हणतात, हिची खळ गेली. मग पुन्हा खळ द्यायची. हे आईला कुणी शिकवलेलं नाही. पोळी भाजली की उलटायची, तितकं ते तिच्या हातात आहे.

मला जे येतं, ते मात्र पुष्कळांनी मिळून शिकवलेलं आहे. कॉलेजसाठी मी आंबेगाव तालुक्यात, कळंबला मावशीकडे राहिले. तिच्या दोन खोल्यांत तिची चार माणसं होती, तरी खिडकीजवळची जागा मला दिली होती. मंचरला रसायनशास्त्राच्या एक मॅडम होत्या. एकदा त्यांनी अळवाच्या पानावर पाणी ओतून दाखवलं आणि विचारलं, थेंब पसरत का नाही? वर्गात सगळे हसले, अळू कुणी बघितलं नव्हतं? पण उत्तर कुणालाच देता आलं नाही. त्या एका प्रश्नावर माझं आजवरचं आयुष्य उभं आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ती मिळवताना किती जणांनी आपल्या ताटातलं काढून माझ्या ताटात वाढलं, हे मी विसरू शकत नाही.

पण शिक्षणाबरोबर एक गोष्ट आली, तिच्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणजे भीती.

डोंगरात घालायचं हलकं कापड हातात घेतलं तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं लागतं. नऊ हजार मीटर सूत जितके ग्रॅम भरेल, तितका त्या सुताचा डेनियर. वीस डेनियरचं नायलॉन म्हणजे डिंगोऱ्याहून मढच्या दिशेनं धागा पसरत निघालं, नऊ किलोमीटर चाललं, तरी हातातलं ओझं वीस ग्रॅम. इतक्या बारीक धाग्याच्या भरवशावर माणूस वाऱ्यात उभा राहतो. काट्यानं फाटलं तर चीर पसरू नये म्हणून त्यात ठरावीक अंतरावर जाड धागा घालून बारीक चौकटी विणतात. त्याला रिपस्टॉप म्हणतात. वरून पाणी धरू नये म्हणून अगदी पातळ लेप, अळवाच्या पानासारखा. आतून दुसरा थर असतो, तो पाण्याचा थेंब अडवतो आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. शिवणीच्या भोकांवर टेप. यातली प्रत्येक गोष्ट काही वर्षांनी दगा देते. वरचा लेप चोळामोळा होऊन, धुराने, घामाने झिजतो. आतला थर ओलसर घडी करून ठेवला तर चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. टेप उचकटते. आमच्या तपासणीत कापडाखालून पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि वर तिसऱ्या जागी थेंब उगवला की कापड नापास. माझं काम म्हणजे दिवसभर तो तिसरा थेंब उगवण्याची वाट बघणं. कापडात काय चांगलं आहे हे दुकानदार सांगतात. ते कुठे, कसं हरतं हे आम्हाला बघावं लागतं. दत्ता घरातून निघाला की लोकांना तरणाताठा गडी दिसतो. मला शिवणी दिसतात.

ही गोष्ट सुरू झाली काही वर्षांपूर्वीच्या एका श्रावणात. तेव्हा हे सगळं मला नुकतंच कळायला लागलं होतं. नोकरी नवी होती. राखीला घरी आले होते. सकाळी झुंजूमुंजूलाच राखी बांधून घेऊन दत्ता निघाला. सुट्टीमुळे गडावर मोठा घोळका जायचा होता. अंगात जॅकेट होतं, गडावर नेलेल्या पुण्याच्या एका पावण्याने खूश होऊन दिलेलं, निळं, जुनं. अंधारात ते जरा चमकलं. मला वाटलं, पावसाचं चमकलं असेल.

नंतर चहा ठेवायला चुलीपाशी गेले तर कोपऱ्यात पातेलं. त्याच्या कडांना तपकिरी साय धरलेली.

"आई, हे काय गं?"

"खळ. दत्त्याच्या जाकिटाला दिली. कवाधरनं बघत व्हते, पाणी प्यायला लागलं व्हतं त्ये. म्हनलं, ह्याची खळ गेलीया. चांगले दोन हात दिले, काल दिवसभर वाळवलं. आता थेंब जायचा न्हाई आत."

ती किती आनंदात होती! आणि खरं सांगायचं तर तिचं निदान बरोबरच होतं. वरचा लेप झिजला होता आणि तो पुन्हा द्यायला हवा होता, मीही हेच सांगितलं असतं. औषध मात्र दुसऱ्याच रोगाचं होतं. लोकरीचं सूत जाड, केसाळ, खळ पोटात घेतं. नायलॉनचा धागा काचेसारखा गुळगुळीत. त्याच्यावर खळ नुसती बसून राहते. पाऊस लागला की फुगते, बुळबुळीत होते आणि पाणी धरून ठेवते. घामाची वाफ बाहेर जायची वाट बंद. माणूस चढताना आतल्या आत भिजतो. चालत असतो तोवर कळत नाही. थांबला, की बाहेरचा ओला गार थर आणि आतलं ओलं बनियन यांच्यामध्ये तो सापडतो.

मी मनाशी म्हटलं, तो थांबणार नाही. दत्ता कधी थांबतो?

दुपार कलली तेव्हा मढहून किसनचा फोन आला. किसन दत्ताचा दोस्त, रस्त्याकडेला चहाचं दुकान चालवतो.

"अक्का, बाकीची मंडळी खाली आली. दत्ता आन् एक पावणं खिंडीच्या वरच हायेत. पावण्याचा गुडघा गेलाय, पाऊल टाकता येईना. पोरं झोळी घिऊन निघाल्यात. दत्ता थांबलाय त्यांच्यापाशी. तुमी काय काळजी करू नगा."

"वारा आहे का रे?"

"वारा? हितं माझा पत्रा धरून बसलोय राव मी."

"त्याच्या अंगात जॅकेट आहे ना?"

"हाय की! लई चकाकत व्हतं सकाळी. आमी चेष्टा केली, म्हनलं दत्त्या, जाकिटाला तूप चोळलंय का काय."

मी फोन ठेवला. आईला सांगितलं, दत्ताला उशीर होईल, वर एका माणसापाशी थांबलाय. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थांबू दे. पावण्याला सोडून कसं यील? आन् खळ दिलीया चांगली. काय हुत न्हाई."

डिंगोऱ्यात त्या वेळी ऊन पडलं होतं. श्रावणाचं ते पिवळं ऊन, अंगणात वाळत घातलेल्या गोधड्यांवर. शेजारची पोरं राख्या दाखवत पळत होती. पश्चिमेला मात्र काहीच नव्हतं. डोंगर नव्हते, आभाळ नव्हतं, नुसता राखाडी रंग भिंतीला फासल्यासारखा. त्या रंगाच्या आत कुठंतरी माझा भाऊ स्थिर उभा होता. मी नारळीभाताचा नारळ खवत बसले आणि मनात एकेक थर मोजत राहिले. सगळ्यात आत सुती बनियन. सूत पाणी पितं आणि सोडत नाही, अंगाची ऊब पिऊन घेतं. त्यावर शर्ट, तोही सुती. मग जॅकेटचा आतला थर, तो किती शिल्लक असेल? मग नायलॉन. मग खळ. तिच्यावर वारा. ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ वाऱ्यावर ठेवला की पाणी गार होतं, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. आता त्या माठाच्या जागी दत्ता होता.

मी पुन्हा किसनला फोन लावला. लागला नाही. आई म्हणाली, "किती वेळा लावशील? ये, भात चाखून बघ." मी चाखला. गोड होता की नाही, सांगता आलं नाही.

दिवेलागणीला जीप दारात थांबली. दत्ता स्वतः उतरला. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तो दाराच्या चौकटीला आपटला आणि हसला. ते हसणं त्याचं नव्हतं.

"अक... अक्का, राखी भि... भिजली," तो म्हणाला. जीभ जड झाली होती.

जीपवाला म्हणाला, "वाईच बघा त्याच्याकडं. पावणं म्हनत व्हते, ह्यानं घेतलीया का काय. पण वास तर येत न्हाई."

तो कापत नव्हता. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. गारठलेला माणूस कापतो तोवर शरीर लढत असतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. चेन त्याला स्वतःला उघडता येईना. बोटं लाकडासारखी. मी जॅकेटला हात लावला आणि हात घसरला. शेवाळलेल्या दगडावरून घसरतो तसा. आत बनियन पिळलं असतं तर पाणी गळलं असतं.

आईने त्याला ओढून चुलीपाशी नेलं. "भाजू दे त्याला जरा, हातपाय चोळते."

"आई, चोळू नको. आगीला लावू नको एकदम. आधी ओलं काढ." मी तिच्यावर कधी ओरडले नव्हते. ती दचकली, पण तिने ऐकलं. ओलं सगळं काढलं, कोरडी घोंगडी, तिच्यावर गोधडी, डोक्याला आईच्या लुगड्याचा तुकडा. गिळता येतंय असं दिसल्यावर गूळ घातलेला चहा, घोटघोट. आई त्याला पाठीमागून मिठी मारून बसली, तो लहान असताना बसायची तशी. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याचे दात वाजायला लागले. कपबशी खडखडावी तसे. आई घाबरून रडायला लागली आणि मला मात्र त्या आवाजाने हायसं वाटलं. ये, काप, अजून काप, असं मी मनात म्हणत होते.

रात्रीतून तो सावरला. सकाळी उठून नारळीभात मागितला. आईने तोवर जॅकेट पुसून दांडीवर टाकलं होतं. ती त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "वारा लागला रं माझ्या बाळाला. पण पाणी तर न्हाई ना आलं आत?"

दत्ताने माझ्याकडे बघितलं. जीपमध्ये त्याच्या हातालाही ती बुळबुळ लागली असणार. तो म्हणाला, "न्हाई आय. भायेरचा एक थेंब आत आला न्हाई."

हे अगदीच खोटं नव्हतं. जास्त भिजवलं त्याला त्याच्याच घामाने.

दुसऱ्या दिवशी मला एसटीला सोडायला तो फाट्यापर्यंत आला. जॅकेट मी पिशवीत घालून पुण्याला नेत होते, तपासायला म्हणून. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो चप्पलने खडा उडवत ऐकत होता. मग म्हणाला, "आयला सांगू नगंस. भाकर सोडंल ती."

"आणि पुढच्या वेळी पुन्हा लावली तर?"

"मी दडवून ठिवीन की. अगं, लोक बायकोपास्नं दारू दडवत्यात, मी आयपास्नं जाकीट दडवीन."

आम्ही दोघं हसलो होतो. त्यानंतरचे श्रावण तसेच गेले. त्याने नवं जॅकेट घेतलं; ते तो कधी किसनच्या दुकानात ठेवायचा, कधी पेटीमागे. पुण्यात ढग दिसले की मी किसनला फोन लावायचे. वर डोंगरात तो काय घालून गेला आहे, हे मला ठाऊक असायचं, आणि ठाऊक असल्याने काही फरक पडत नसे. आई मात्र निर्धास्त असायची. खळीवर तिचा भरवसा होता. ती निर्धास्तपणे झोपू शकते ही एक गोष्ट मला तिच्यासाठी करता येते, असं मी स्वतःला समजावत होते.

आईच्या परवाच्या फोननंतर शनिवारी मंचरवरून जाताना कळंब लागलं. दर वेळी मी मावशीच्या घराकडे बघते. या वेळी ते कधी मागे गेलं कळलं नाही. वाक्यं जुळवत होते. प्रयोगशाळेत आलेल्या माणसाला त्याचं कापड नापास झालं हे मी सरळ सांगते, त्यात मला काही वाटत नाही. इथे एकही वाक्य पुरं होईना. त्याचं कारण मला माहीत होतं. मी काहीही म्हटलं तरी त्याच्या शेवटी आई एक प्रश्न विचारणार होती, आणि त्या प्रश्नाला मी डोंगराहून जास्त भीत होते.

घरी पोचले तेव्हा खळ तयार होती. निवत ठेवली होती. दांडीवर दत्ताचं नवं जॅकेट, नारिंगी, आणि आईच्या हातात कुंचा. सोमवारी त्याला गडावर जायचं होतं. ती म्हणाली, "आलीस? बस. तुझ्या डोळ्यांदेखत लावते, म्हंजे शिकशील."

मी कुंचा तिच्या हातातून घेतला आणि सांगितलं. लोकर, नायलॉन, घाम, वारा, सगळं. नारिंगी जॅकेटवर तांब्यातलं पाणी टाकून दाखवलं, थेंब कसा मोत्यासारखा पळतो. मग बाहीच्या टोकाला बोटभर खळ लावली, त्यावर पाणी टाकलं. पाणी पसरलं, खळ फुगली, पांढुरकी झाली. आईने तिथे अंगठा फिरवला. अंगठा घसरला.

तिने तो पुन्हा एकदा बाहीवरून फिरवला.

"म्हंजे त्या राखीला," ती म्हणाली, "त्याला म्या...?"

मी तिचा हात धरला. "आई, जॅकेट जुनंच होतं. आतला थर आधीच गेला होता. त्यात अंगात सुती कपडे. आणि तो थांबला, पावण्यासाठी थांबला, म्हणून गारठला."

"आन् खळ?"

"खळीनं वाढलं."

माझ्याने याहून कमी सांगवेना. तिने लुगड्याला अंगठा पुसला. रडली नाही. बाहीचं टोक तिने स्वतः धुतलं, साबण न लावता, मी सांगितलं तसं, पुन्हा पुन्हा. खळीचं पातेलं उचलून आप्पांची जुनी घोंगडी काढली आणि अंगणात बसून तिला खळ देऊ लागली. वाया कशाला घालवायची, एवढंच म्हणाली. दत्ता संध्याकाळी आला, दांडीवर जॅकेट बघून दारातच थबकला, मग माझ्याकडे बघून सगळं समजला. "आय, भूक लागलीया," म्हणाला. त्या दिवशी आई भाकरी जेवली. थोडी, पण जेवली.

सोमवारी पहाटे पाऊस नव्हता, धुकं होतं. दत्ताने गाडीला किक मारली. आई बाहेर आली, त्याच्या गळ्यापाशी जॅकेटच्या आत हात घालून बघितलं. सुती बनियन नव्हतं, मी पुण्याहून आणलेला पातळ पॉलिएस्टरचा शर्ट होता.

"चढताना चेन उघडी ठिव. थांबलास की कोरडं घाल," ती म्हणाली.

"आय, आता तूबी?" तो हसला आणि गेला.

गाडीचा आवाज मढच्या रस्त्याला लागला, मग धुक्यात विरला. भांडी घासायची होती, गोठा झाडायचा होता. आई पायरीवरच बसून राहिली. मी तिच्याशेजारी बसले. समोर पश्चिमेला सगळं राखाडी होतं. तिने पदर खांद्यावर ओढून घेतला, त्या राखाडी रंगाकडे बघत राहिली, आणि आजवर कधीच विचारला नव्हता तो प्रश्न तिने मला विचारला.

"किती वाजता यीन म्हनला गं?"